२८वं वचन पाठवायच्या आधी २६वं वाच

पत्र:

मावशी, सलाम. मी पिंपरीची, वय ३४, एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दोन मुलं, सासूबाई आमच्याकडेच असतात. चर्चच्या महिला मंडळाची दोन वर्षं सेक्रेटरी आहे. मला लोकांना धीर द्यायला मनापासून आवडतं, रोज सकाळी साडेसहाला १८० जणांना बायबलमधलं एक वचन पाठवते, एक दिवस चुकवला नाही. दोन आठवड्यांपूर्वी माझ्या शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीचं, ती हिंदू आहे, तिसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालं. मी तिला लगेच रोमकरांस ८:२८ पाठवलं आणि खाली लिहिलं की देव जे करतो ते चांगल्यासाठीच करतो, त्याची काहीतरी मोठी योजना असेल. मंडळाच्या ग्रुपवर तिच्यासाठी प्रार्थना विनंतीपण टाकली. तिनं नुसता अंगठा पाठवला. सहाव्या दिवशी कामावर आली, तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते, जेवायलाही दुसरीकडे बसते. आणि ऑफिसमधला एक जण मला म्हणाला, मॅडम, तुम्हा लोकांना अशा वेळीपण प्रचार लागतो का. बाथरूममध्ये जाऊन रडले. अध्यक्षबाई म्हणतात खचू नको, निर्भीडपणे साक्ष देत राहा. माझं काय चुकलं तेच कळत नाहीये. आणि खरं सांगू का, हल्ली मीच आतून रिकामी झालीय, मला कोण धीर देणार?
– एक बहीण, पिंपरी

उत्तर:

सलाम गं. तुझं पत्र दोनदा वाचलं. तू वाईट बाई नाहीयेस हे आधी सांगून टाकते. 'हल्ली कुणाचं भलं करायची सोयच राहिली नाही' असं म्हणून पुढच्याला वचन पाठवणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्यात, तू थांबलीस आणि विचारलंस. पण चूक झालीय आणि ती बारीक नाहीये, त्यामुळे गोड गोड लिहिणार नाही, चालेल ना?

तुझं बायबल घे. मोबाईलमधलं नको, कागदाचं, कारण मोबाईलमध्ये आपण एकच वचन शोधतो आणि आजूबाजूचं काही दिसत नाही. रोमकरांस पत्र, अध्याय ८. सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे २८ तुला पाठच आहे. आता बोट जरा वर सरकव. २२व्यात सगळी सृष्टी कण्हतेय. २३व्यात आपण कण्हतोय. २६व्यात तर काय मागावं हेच आपल्याला कळत नाही म्हणून पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, आणि ती कशी करतो तर कण्हत, शब्दांत सांगता येणार नाही असं कण्हत. म्हणजे बघ, हे पत्र लिहिणाऱ्या पौलानं आधी तीन वेळा कण्हून घेतलंय आणि मग कुठे २८ लिहिलंय, आणि तेसुद्धा 'आपल्याला ठाऊक आहे' असं स्वतःला धरून, मार खाल्लेल्या, तुरुंग बघितलेल्या माणसानं. तू नुसतं २८ कापून घेतलंस आणि दवाखान्यातून रिकाम्या पोटी घरी आलेल्या बाईच्या मोबाईलवर टाकलंस.

आणि खालची ओळ तर बायबलमधली पण नाही, ती तुझी. देव जे करतो ते चांगल्यासाठीच करतो. तू काय लिहिलंस ते जाऊ दे, तिनं काय वाचलं ते सांगते. तिनं वाचलं, 'तुझं बाळ देवानं नेलं आणि चांगलंच केलं.' तुझ्या मनात असं नव्हतं हे मला कळतंय गं, पण त्या अवस्थेत माणूस ओळीच्या मागचा अर्थ शोधत बसत नाही.

मी हे एवढं ठासून सांगतेय कारण हीच चूक मी केलीय, आणि माझी तुझ्याहून वाईट. तुम्हा जुन्या वाचकांना माहितीच आहे, मी ३१ वर्षं नर्सिंग केलं. आमच्या पिढीत ख्रिस्ती घरातल्या मुलीला दोनच रस्ते, डीएड नाहीतर नर्सिंग. मला मॅटर्निटी वॉर्डला लागून वर्षही झालं नव्हतं, एका बाईला नवव्या महिन्यात मेलेलं मूल झालं. मी औषधाचा ट्रे घेऊन गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, अगं रडू नको, अजून लहान आहेस, देव देईल दुसरं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून डिस्चार्जपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, गोळी दिली की हात पुढे करायची, बस. तिसऱ्या दिवशी तिला दूध उतरलं. हे कुणी सांगतच नाही बायकांना, पाळणा रिकामा आणि छाती दगडासारखी, ब्लाउज ओला. मी काय करावं न सुचून नुसती चार्ट बघत उभी. आमच्या वॉर्डातल्या आयाबाई आल्या, सातवी शिकलेल्या, त्यांनी पडदा ओढला, कोरडा टॉवेल दिला, आणि मग कंगवा घेऊन तिच्या मागे बसल्या आणि तिची वेणी घातली. चार दिवसांचे गुंतलेले केस, अर्धा तास लागला असेल. त्या अर्ध्या तासात आयाबाई काही म्हणजे काही बोलल्या नाहीत, नाही म्हणायला मध्ये एकदा 'दुखतंय का गं' म्हणाल्या, ते केसांबद्दल. आणि ती बाई पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

नंतर आमच्या सिस्टर मला म्हणाल्या, ट्रे खाली ठेवत जा आणि दोन मिनिटं टेकत जा, उभ्यानं विचारलं की पेशंट 'बरंय' एवढंच म्हणतो. मला वाटतं २६वं वचन मला त्या दिवशी कळलं, वाचलं होतं त्याच्या बऱ्याच आधी.

तर आता काय करायचं. सगळ्यात आधी ती प्रार्थना विनंती. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलं ते हेच, आणि तू ते जाता जाता एका ओळीत लिहिलंयस. मिसकॅरेज ही तिची गोष्ट आहे, तिनं अजून सासरी चुलत नणंदेला सांगितलं नसेल आणि पिंपरीतल्या साठ बायकांना माहीत. आपल्या मंडळांमध्ये हे फार होतं बरं का, 'प्रार्थनेसाठी सांगतेय' म्हटलं की कुणाच्याही घरातलं काहीही बोलायची परवानगी मिळाल्यासारखं वाटतं. चहाड्या आपण डोळे मिटून करतो एवढाच फरक. ग्रुपवर लिही की मी न विचारता टाकलं होतं, माझी चूक, कृपा करून पुढे कुणाशी बोलू नका, आणि तो मेसेज निघत असेल तर काढून टाक. प्रार्थना करायची तर दार लावून कर, देवाला ग्रुपमध्ये अॅड करावं लागत नाही.

मग तिच्याकडे जा. मेसेज नको, समोर जाऊन, पण चारचौघांत नाही. माफी छोटी असू दे. 'परवाचा माझा मेसेज चुकला. मी तसं लिहायला नको होतं. सॉरी.' इथं फुलस्टॉप. 'पण माझा हेतू' हे सुरू झालं की ती माफी संपते आणि मग तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागतं. आणि ग्रुपवर टाकलं होतं तेही सांग, हो, सांग, जड जाईल पण दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं. ती रागावली तर रागावू दे. धीर द्यायला गेलेल्या माणसानं समोरच्याचा राग पण थोडा घरी घेऊन यावा लागतो.

काय बोलू नको त्याची यादी तुझ्याकडे आता असेलच, तरी एक घालते, काय खाल्लं होतंस, स्कूटीवरून आलीस का, वजन उचललंस का, हे चुकूनसुद्धा नको. दिवस गेल्याचं कळल्यानंतर शंभरातल्या साधारण १० ते २० जणींचं मिसकॅरेज होतं आणि सुरुवातीच्या महिन्यांत होतं त्यातलं जवळजवळ निम्मं गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असल्यामुळे, त्यात आईनं खाल्लेल्या पपईचा काही संबंध नसतो. पण घरी तिला कुणीतरी हे नक्की ऐकवलं असणार. ती स्वतःहून म्हणाली की माझंच काहीतरी चुकलं, तर तेव्हा तू हे सांग. तेव्हाच.

आणि आता तुझ्या कामाच्या जागेचं. सहाव्या दिवशी कामावर आली म्हणतेस. अगं, १९६१ सालच्या मातृत्व लाभ कायद्यात मिसकॅरेजनंतर ६ आठवड्यांची पगारी रजा होती, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद ठेवलीय, डॉक्टरचा कागद दाखवला की झालं. बाळंतपणाची सुट्टी सगळ्यांना माहीत असते, ही फारशी कुणाला माहीत नसते, एचआरवाले आपणहून थोडीच सांगणार. ती रजा मिसकॅरेजच्या लगेच पुढचीच असते म्हणून हा भाग मी तुला आधीच मेलवर कळवलाय, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. तू अकाउंट्सला आहेस, फॉर्म कुठला, कुणाकडे द्यायचा हे तुला दोन मिनिटांत कळेल. ती हो म्हणाली तर कागद तू फिरव, तिचं महिनाअखेरचं काम तू अर्धं उचल. मला विचारशील तर १८० वचनांपेक्षा हे एक काम जास्त ख्रिस्ती आहे, अध्यक्षबाई रागावल्या तरी चालेल.

बर्णबा आठवतो ना, प्रेषितांची कृत्ये, अध्याय ४. प्रेषितांनी त्याला नावच ठेवलं होतं बोधपुत्र, म्हणजे धीर देणारा. आणि नाव सांगून झाल्यावर ते पुस्तक लिहिणारा लूक पुढच्याच वचनात काय सांगतो, तर त्यानं शेत विकलं आणि पैसे आणून ठेवले. पुढे नवव्या अध्यायात शौलावर, म्हणजे आपल्या पौलावरच, यरुशलेमेत कुणाचाच विश्वास बसत नव्हता, सगळे त्याला घाबरून, तेव्हा हाच बर्णबा त्याला घेऊन प्रेषितांकडे गेला आणि त्याच्या वतीनं बोलला. तो उपदेशही करायचा, नाही असं नाही, पण त्याची ओळख करून देताना लूकला आधी शेत आठवलं. ऑफिसमध्ये हे रोज करता येतं. साहेबांसमोर 'सर, ते जीएसटीचं शीट तिनं केलंय' एवढं म्हणायचं, ती तिथं नसताना. शिपाई मामांचा मुलगा बारावीला आहे ना, निकालाच्या दिवशी आठवणीनं विचारायचं, आणि नापास झाला असेल तर दुसऱ्या दिवशीपण विचारायचं. कौतुक आणि धीर यात आपण फार गल्लत करतो, कौतुक जिंकलेल्याचं असतं, त्याला शंभर लोक असतात. धीर हरलेल्याला लागतो आणि तिथं रांग नसते.

आता तो प्रचाराचा विषय. तो माणूस बोलला ते लागलं असेल, पण दिवस असे आहेत की आपण नुसतं 'देव भलं करो' म्हटलं तरी काही जणांचे कान टवकारतात, आणि दुसऱ्या बाजूनं, खरं बोलायचं तर, आपल्यातले काही जण दुसऱ्याचं दुःख ही 'संधी' आहे असं उघड बोलतात, मी सभेत माझ्या कानांनी ऐकलंय आणि मला तेव्हा उठून जावंसं वाटलं होतं. दुःखातला माणूस ही संधी नसते. अध्यक्षबाई म्हणतात निर्भीडपणे साक्ष दे, बरोबर आहे, पण पेत्राच्या पहिल्या पत्रात, ३:१५ ला, आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा असं आहे, विचारणाऱ्याला, आणि ते उत्तर सौम्यतेनं आणि भीडस्तपणानं द्या. भीडस्तपणानं! आपल्या मराठी बायबलमधला तो शब्द मला फार आवडतो. निर्भीड राजासमोर असावं, दुखावलेल्या बाईसमोर थोडी भीड ठेवावी. डबा नेलास तर तो डबा असू दे, त्याच्या तळाशी प्रचाराची पत्रिका नको. कधी तिनंच विचारलं की तू एवढं का करतेस, तर सांग ना, लाजू नकोस, दोन वाक्यांत सांग आणि विषय बदल.

डब्यावरून आठवलं, तिचे उपासाचे वार माहीत करून घे. मी एकदा शेजारच्या काकू आजारातून उठल्या म्हणून मोठ्या प्रेमानं मटण पुलाव घेऊन गेले आणि नेमकी एकादशी. काकू हसल्या म्हणून निभावलं, पुलाव आमच्या मोत्यानं खाल्ला.

आणखी एक गोष्ट, ही मात्र लिहून ठेव. डॉक्टरांनी तिला बाळंतपणाची तारीख दिली असेल, सहा-साडेसहा महिन्यांनी येईल ती. तिला ती तारीख पाठ असणार आणि तोवर बाकी सगळे विसरलेले असणार, नवरासुद्धा. तुला तारीख माहीत असेल तर मोबाईलमध्ये टाकून ठेव, नसेल तर महिना ठेव. त्या दिवशी काही बोलायचं नाही, फक्त चहाला चल म्हणायचं. माझे मिस्टर गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात घरात बसायला जागा नव्हती, पाळकसाहेब, मंडळ, गावचे, सगळे, सतरंज्या शेजाऱ्यांकडून आणल्या. सात महिन्यांनी त्यांच्या वाढदिवसाला फोन एकीचाच आला. काय बोललो ते आठवत नाही, पाणी आलं का तुमच्याकडे असलंच काहीतरी. पण फोन कुणाचा होता ते आठवतं.

आणि मध्ये कधी असं दिसलं की ती झोपतच नाहीये, खात नाहीये, आठवडेच्या आठवडे तसंच चाललंय, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, तर ते एकटीनं सांभाळायचं नाही. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. शेजारी बसून नंबर लावून दे. प्रार्थना कर आणि नंबरपण लाव, दोन्ही.

तुझ्या १८० जणांचं काय. दवबिंदूवालं गुलाब, मागे उगवता सूर्य आणि मध्ये स्तोत्र २३, ते मलापण रोज सात ठिकाणांहून येतं, मी परमेश्वराचं मेंढरू आहे हे मला नाष्ट्याच्या आत सातदा कळतं. वचनाला नावं ठेवत नाहीये गं, वचनावर तर जगलेय मी. पण १८० जणांना एकच औषध कुठली नर्स देते? थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, ५:१४ बघ, अव्यवस्थित आहेत त्यांना ताकीद, अल्पधीराचे आहेत त्यांना धीर, अशक्तांना आधार. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी, म्हणजे आधी समोरचा यातला कोण ते बघावं लागणार. मी म्हणेन लेंटचे, ईस्टरच्या आधीचे, चाळीस दिवस कसे पाळतो तसे चाळीस दिवस ही लिस्ट बंद ठेव. साडेसहाला उठतेसच तर त्या वेळात एकाच माणसाचा विचार कर आणि एकालाच लिही, नाव घालून, त्याच्याबद्दल. 'काकू, परवा उपासनेत तुम्ही जिना चढताना थांबलात, गुडघा परत दुखतोय का?' असं. वेळ तेवढाच लागतो. १८० मधले किती जण फोन करून विचारतात की वचन का बंद झालं, तेही बघ. दोन-तीन करतील. त्यांना खरंच लागत होतं, त्यांचं चालू कर.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, मला कोण धीर देणार. तो तू सगळ्यात शेवटी लिहिलास आणि मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच होतं. तुझा मेल रात्री एक चाळीसला आलाय. साडेसहाला वचनं, मग डबे, सासूबाईंच्या गोळ्या, ऑफिस, मंडळाचे मिनिट्स. एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणाला पुरे झालं, आता माझा जीव घे, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला का? ऊठ, खा, एवढंच. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो जेवला, परत झोपला, त्याला पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. काय ते बोलणं पुढे डोंगरावर झालं, चाळीस दिवसांनी.

आणि मागायला शीक. येशूनं स्वतः, धरला जायच्या आधी, गेथशेमाने बागेत तिघा शिष्यांना सांगितलं, माझा जीव अति खिन्न झालाय, इथं थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. देवाचा पुत्र असून मागितलं त्यानं. ते तिघं झोपले ही गोष्ट वेगळी, तुझ्या मंडळातलेपण काही झोपतील. पुढच्या बैठकीत प्रार्थना विनंत्या घेताना, कुणाच्या मुलाचा व्हिसा, कुणाचा फ्लॅट, हे सगळं लिहून झालं की सेक्रेटरीबाईंनी वही मिटायच्या आधी स्वतःचं नाव लिहायचं. कारण विचारलं तर 'थकलेय' म्हण, तेवढं पुरे. आणि नवऱ्याला सांग सासूबाईंच्या रात्रीच्या गोळ्या त्यानं द्यायच्या, त्यांची आई आहे.

ऑफिसातल्या मैत्रिणीचं लगेच जुळेल असं नाही. महिना जाईल, कदाचित जास्त. तिनं दुसरीकडे बसून जेवलं तर जेवू दे, मागे मागे जाऊ नको. फक्त डबा रोज थोडा जास्तीचा ने, आणि दोन चमचे.

– मावशी